जेटला लागलेला लोणा

जाळीतला गोटा काढायला हुहानानं बोट धक्क्यावरून उचलून शेडमध्ये आणली, तेव्हा तिच्या मनात काहीच नव्हतं. काहू नदीत जेटबोट चालवायची म्हणजे दोन आठवड्यांत एखादा गोटा अडकणारच. या बोटी तळातल्या जाळीतून पाणी ओढतात आणि मागच्या तोंडातून पिचकारीसारखं फेकतात. त्या जोरावर वीतभर पाण्यातूनही पळतात. पाण्याबरोबर नदी काय काय आत पाठवील त्याचा नेम नाही.

गोटा निघाला. सवयीनं तिनं जेटच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तळवा पांढराफटक झाला.

पिठासारखी भुकटी. ओल्या भिंतीला लोणा लागावा तसा अ‍ॅल्युमिनियमला लोणा लागला होता. तिनं तो नायलॉनच्या ब्रशनं खरवडला. खाली खड्डे होते, देवीच्या व्रणांसारखे, काही इतके खोल की खिळ्याचं टोक आत जात होतं. मग तिनं वाकून झिंक पाहिली. जेटला बोल्टनं बसवलेल्या या वड्या कुठल्याही धातूच्या असोत, गावात सगळे त्यांना झिंकच म्हणतात. त्यांचं काम एकच: आपण झिजायचं आणि जेटला झिजू द्यायचं नाही. ऑगस्टच्या शेवटी तिनं नवीन बसवली होती. वर्षभर टिकायला हवीत. सहाच आठवडे झाले होते, आणि चोखून टाकलेल्या गोळीएवढं काहीतरी उरलं होतं.

"मीठ," ती स्वतःशीच म्हणाली.

तिची बोट समुद्रात जात नव्हती. धक्का नदीच्या मुखापासून सात किलोमीटर आत, आणि तिचे शिकारी, ट्रेकवाले सगळे वरच्या अंगाला जाणारे. बोट खाऱ्या पाण्यात गेली असेल तर ती तिनं नेलेली नव्हती. मग नेली कुणी?

याचं उत्तर शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. उत्तर तिच्याच घरात, मागच्या खोलीत झोपत होतं.

राविरी, तिचा धाकटा भाऊ, जुलैत परत आला होता. एक पिशवी, एक हत्यारांची पेटी, आणि अकरा वर्षांनी. अकरा वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले असताना यानं बाबांची बोट विकली आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणीवर वायरमनचं काम धरलं. बाबा गेले. तीन दिवस अंत्यविधीची तांगी चालली, माणसं कुठून कुठून आली, रडली, गायली, जेवली. पोटचा मुलगा आला नाही. ज्याला त्याला "येईल, येईल" असं सांगून हुहानाची जीभ झिजली होती.

तो परत आला तेव्हा तिनं त्याला खोली दिली, ताट दिलं. विश्वास मात्र दिला नाही. त्यानं मागितलाही नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी हुहाना शाळेची बस चालवायची. सकाळी साडेसातला निघाली की दहापर्यंत परत नाही. बोटीची किल्ली दाराआड खिळ्याला. तिनं इंजिनाच्या तासांचा आकडा वहीतल्या फेऱ्यांशी ताडून पाहिला. आठवड्याला दोन तास दहा मिनिटं जास्त. पुन्हा मोजलं. दोन तास दहा मिनिटंच. टाकीतलं पेट्रोल मात्र जिथल्या तिथे. म्हणजे नेतो, आणि वर भरूनही ठेवतो. सरळ माणूस कशाला भरून ठेवील?

तिनं बोटीचा काठ जिभेनं चाटून पाहिला. खारट लागला नाही. पण धुवायला कितीसा वेळ लागतो?

धक्क्यावर डेस कॅफ्री आपल्या लोखंडी बार्जवर स्टूल टाकून बसला होता. इनांगाचा मोसम चालू होता. बोटाच्या पेराएवढी ती पारदर्शक मासळी जाळ्यात धरायची आणि बार्जवरच्या शीतपेटीत गोठवायची, एवढ्यावर डेसचा वसंत निघायचा.

"काय आंटी, बोट कुठंय?" गावातले सगळे तिला आंटी म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा डेससुद्धा.

"शेडमध्ये. डेस, माझी बोट मी नसताना हलते का रे?"

डेसनं जाळ्यातला काडीकचरा वेचणं थांबवलं नाही. "मी काही बोलत नाही हं."

"म्हणजे बोलणार आहेस."

"परवाच्या मंगळवारी जागेवर नव्हती, एवढंच. मी म्हटलं, तू बसऐवजी बोटीनंच पोरं नेलीस की काय." तो खुसखुसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मोटेलवाल्याकडे हल्ली शेवंड असते म्हणे. ताजी. कोण आणून देतं, ते कोणी सांगत नाही."

हुहानाला एवढं पुरे झालं. संशयाला कुंपण लागत नाही, हात धरून आत बोलवणारा भेटला की झालं. घराकडे येताना तिनं मनातल्या मनात सगळं लावून टाकलं: मुखाशी वाळूचा बांध, त्यापलीकडे खडक, खडकात परवान्याशिवाय टाकलेले पिंजरे, आणि पकडला गेला की जप्त होणारी बोट कुणाची? तिची.

राविरी अंड्यात कालवलेली इनांगा तव्यावर टाकत होता.

"बोट नेतोस?" तिनं बूटही न काढता विचारलं.

त्यानं आच कमी केली. "नेतो."

"कुठे?"

"वर."

"वर कुठे?"

"वर म्हणजे वर, हाना. नदीला दोनच बाजू आहेत."

"वरच्या पाण्यानं झिंक जात नाहीत. जेटच्या तोंडाची चाळण झालीय. मिठाशिवाय असं होत नाही, मला नको शिकवूस."

"मी कुठे शिकवतोय? तू परीक्षा घेतेयस."

"मोटेलला शेवंड कोण देतं?"

राविरीनं तिच्याकडे पाहिलं. मग उलथनं खाली ठेवलं. "तुझं उत्तर तुझ्याकडे तयार आहे. मी कशाला तोंडाची वाफ दवडू?"

"बाबांची बोट विकून गेलास, मी विचारलं नाही. तांगीला आला नाहीस, तरी विचारलं नाही. पण ही बोट माझी आहे. हीसुद्धा पाण्यात घालवायची असेल तर तसं सांग."

त्यानं आच बंद केली. तव्यावरचं तिच्या ताटात वाढलं, पिशवी भरली, आणि नदीपलीकडच्या गुरांच्या फार्मवर राहायला निघून गेला. तिथे दूध काढायच्या यंत्राचं वायरिंग त्यानं हाती घेतलं होतं. दार आपटलं असतं तर हुहानाला बरं वाटलं असतं. त्यानं ते हळूच लावलं.

चार दिवस ती शेडमध्ये राबली. लोणा ब्रशनं काढला, पाण्यात व्हिनेगर मिसळून खड्डे धुतले, गोड्या पाण्यानं पुन्हा धुतले, वाळवले, पॉलिशपेपर मारला, प्रायमर लावला आणि वर रंगाचे दोन हात. स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये धरून बसतात म्हणून प्रत्येकाला पेस्ट लावून घट्ट केला. झिंक जिथे टेकतात तिथला रंग मुद्दाम खरवडून धातू उघडा केला, नवी झिंक चढवली. शेवटी सगळ्यावर मेंढीच्या लोकरीचं ग्रीस फवारलं. त्या वासानं शेड आठवडाभर गोठ्यासारखी घमघमत होती. मग बोट धक्क्याला बांधली आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. आंघोळीलाही काढली नाही.

बारा दिवसांनी तिनं बोट वर घेतली.

झिंक अर्धी गेली होती. बोल्टाच्या कडेनं रंगाला फुगे आले होते, आणि फुगा फोडला की आत तीच पांढरी भुकटी. तासांचा आकडा वहीशी मिनिटाला मिनिट जुळत होता.

हुहाना ट्रेलरच्या दांड्यावर बसून राहिली. तिला भावाची आठवण यायला हवी होती. आली ती डेसची. धक्क्याची पहिली जागा, जिथे पाणी खोल आणि वीज जवळ, तिच्याकडे होती. डेसला ती कधीची हवी होती. राविरीबद्दल कान कुणी भरले? डेसनं. मग हे काम कुणाचं?

दुपारी डेस जाळ्यांवर गेल्याचं पाहून ती बार्जवर चढली. कोपऱ्यात गंज काढायच्या अ‍ॅसिडचा डबा होता. तिनं तो उचलला. झाकणाचं सील शाबूत.

"काय शोधतेस, आंटी?" डेस होडक्यातून मागे वळून आला होता.

हुहाना लाजली नाही. "हे अ‍ॅसिड कशाला ठेवलंयस?"

"बार्जला. दरवर्षी लागतं. यंदा उघडावंच लागलं नाही. बघ की, कुठे गंज दिसतो? तीस वर्षांची म्हातारी, पण यंदा नवरीसारखी चकचकीत."

खरंच होतं. पाण्याच्या रेषेशी दरवर्षी तांबड्या पापुद्र्यांनी भरणारं ते लोखंड स्वच्छ होतं. डबा न उघडता. हुहाना कितीतरी वेळ तिथेच पाहत उभी राहिली. एकाच पाण्यात, पाच हातांवर, तिची बोट विरघळत होती आणि डेसची बार्ज तरुण होत होती. डेसनं काही केलं असेल तर काय, ते तिला कळेना. आणि ज्याला कळलं असतं त्याला तिनं घराबाहेर काढलं होतं.

संध्याकाळी ती फार्मवर गेली. राविरी पंपाच्या डब्यात डोकं घालून होता.

"किल्ली माझ्या गळ्यात होती," ती म्हणाली. "तरी खाल्ली."

तो बाहेर आला, हात पुसले. "बरं झालं गळ्यात होती. नाहीतर मीच पुन्हा चोर."

"राविरी."

"बोल."

"डेसच्या बार्जला यंदा गंजच नाही."

तो दुसरं काहीतरी बोलणार होता, ते राहिलं. "बार्जला वीज आहे?"

"शीतपेटीला. ऑगस्टमध्ये घेतली."

"आणि तुझ्या बोटीला?"

"बॅटरीला चार्जर असतो. गेल्या वर्षापासून. पाणी उपसायचा पंप चालायला नको?"

"कायम लावलेला?"

"कायम."

राविरीनं हत्यारांची पेटी उचलली. "चल."

बोट पुन्हा पाण्यात सोडली, वायर जोडली. डेस स्टुलावरून उठून आला. राविरीनं धक्क्यावरचा मेन स्विच पाडला, हुहानाच्या वायरीतली अर्थिंगची तार सोडवली आणि मधे मीटर लावला. वीज बंद होती, तरी मीटरवर आकडा उभा राहिला.

"हे कुठून येतं?" हुहानानं विचारलं.

"तुझ्या जेटमधून. डेस, तुझी पिन काढ."

डेसनं पिन उपसली. आकडा शून्यावर आला. "घाल," राविरी म्हणाला. आकडा परत. दोनतीनदा त्यानं ते करून दाखवलं.

"पाण्यात दोन धातू आणि वर त्यांना जोडणारी एक तार," राविरी म्हणाला. "झाली बॅटरी. अर्थिंगनं दोघांची गाठ बांधलीय. दोघांतलं जे कमी दमाचं ते झिजतं, दुसरं वाचतं. आधी तुझी झिंक गेली, मग जेट. मीठ नको, चोर नको."

डेस तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे माझ्या म्हातारीला आंटीची बोट पोसत होती?"

"तीन महिने."

"मला कुणी सांगितलं असतं तर मी आभार मानले असते," डेस म्हणाला, आणि हुहानाचा चेहरा बघून पुढे बोलला नाही. जरा वेळानं चपापून म्हणाला, "मोटेलच्या शेवंडीचं मी असंच ऐकलं होतं हं. गावात बोलतात."

"गावात तूच बोलतोस, डेस," हुहाना म्हणाली.

डेस गेल्यावर राविरी बोटीच्या काठावर बसला होता. हुहानानं इंजिन सुरू केलं नव्हतं.

"मग तू वर कुठे जायचास?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "उरुपाला."

घराण्याची ती दफनभूमी नदीच्या पलीकडच्या काठावर, वरच्या वळणावर आहे. रस्ता नाही, बोटीनंच जावं लागतं.

"बाबांच्या दगडावर गोर्सचे काटे माजलेत. कमरेपर्यंत. तोडत होतो. एका खेपेत होत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तांगीनंतर तू फोनवर काय म्हणाली होतीस? 'आता तिथे पाऊल ठेवू नकोस.' मला वाटलं, अजून तेच असेल."

हुहानाला ते वाक्य आठवत होतं. कुठल्या खिडकीशी उभी राहून म्हणाली होती, तेही. ते आपण कधी मागे घेतलं नाही, हे मात्र तिच्या लक्षातच नव्हतं.

"मी चिडले होते," ती म्हणाली. "तू चुकला होतास, आणि मी चिडले होते. पण ते म्हणायला नको होतं."

"बाबांची बोट अर्धी माझी होती, हाना. तेच विक म्हणाले होते, तिकिटासाठी. तुला सांगू नको म्हणाले. पण तांगीला न येणं माझंच. त्याला काही कारण नाही. घाबरलो."

या अकरा वर्षांत तिनं बाबांवर एकदाही संशय घेतला नव्हता.

"अजून एक," राविरी म्हणाला. "एकदा गेलो होतो मुखाबाहेर. एकदाच. सप्टेंबरात."

"काय?"

"चार शेवंडा. बोट स्वच्छ धुतली होती मी, देवाशपथ."

"विकल्यास?"

"दोन तू खाल्ल्यास. डेसनं दिल्या म्हणून मी सांगितलं, आणि तू म्हणालीस, डेस माणूस तसा चांगला आहे."

हुहानाला हसू आवरलं नाही, आणि राग आला तोही खरा होता. तिनं हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "परवाना काढ आधी. पुन्हा गेलास तर मीच कळवीन मत्स्य खात्याला."

"कळव. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

अर्थिंगमधून अशी चोरटी वीज अडवणारा छोटा डबा राविरीनं क्राइस्टचर्चहून मागवून बसवला. एक हुहानाच्या बोटीला, एक डेसच्या बार्जला. डेसनं कुरकुरत का होईना, अ‍ॅसिडचं सील फोडलं. जेटचं तोंड मात्र वाचलं नाही. एक खड्डा आरपार गेला होता, ते बदलावंच लागलं, आणि नवीन येईपर्यंत तीन आठवडे शिकारी दुसऱ्यांच्या बोटींनी गेले. राविरी मागच्या खोलीत परतला. मार्चमध्ये त्याला ग्रेमाउथला काम लागलं. तरी महिन्यातून एकदा तो येतो.

त्याआधी, नोव्हेंबरच्या एका रविवारी, पाऊस थांबल्यावर, दोघं वरच्या वळणावर गेली. गोर्स बराच तोडलेला होता, पण मुळं राहिली होती. दुपारपर्यंत दोघं कुदळीनं ती खणत होती. बाबांचा दगड मोकळा झाला. निघताना रिवाजाप्रमाणे दोघांनी नदीत हात धुतले. राविरीला चालवायची होती. हुहानानं गळ्यातली किल्ली काढून त्याच्या ओल्या हातावर ठेवली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.