पॉलिशचा एक हात

बायको हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत मास्तरांना बाथरूमची फरशी खरवडायची होती, आणि सुनेला त्यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी साधणं कठीण होतं. पण माणूस कात्रीत सापडला की त्याला काहीही जमेल असं वाटायला लागतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी फर्निचरला पॉलिश केलं. हाताखालचे कारागीर मास्तर म्हणायचे, तेच नाव चिकटलं. कुठलीही निस्तेज वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. काम सोडल्यावर त्यांनी घरातलं सगळं लाकूड संपवलं. कपाटं झाली, खुर्च्या झाल्या, झाडूचा दांडासुद्धा सुटला नाही. राहता राहिली बाथरूमची फरशी. पाय धरून ठेवावा म्हणून ती मुद्दाम खरखरीत घेतली होती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही तीन आठवड्यांपूर्वी सगळे दोन दिवस लेकीकडे गेले तेव्हा मास्तरांनी डाव साधला आणि फरशीवर व्हार्निशसारख्या पारदर्शक लॅकरचा एक हात मारला. मंडळी परतली तेव्हा फरशी लखलखत होती. सुनेने तोंडभरून कौतुक केलं. खायच्या सोड्याने घासली, असं मास्तरांनी ठोकून दिलं.

तिसऱ्या दिवशी बायको आंघोळीला गेली आणि ओल्या फरशीवर सपशेल घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. लेक धावत आली आणि तिने पहिला प्रश्न केला, आईच्या आधी आंघोळीला कोण गेलं होतं? सून गेली होती. मग खाली साबण राहिला असणार, असं लेकीने ठरवून टाकलं. सूनही म्हणाली, राहिला असेल, मी घाईत होते. मास्तर तिथेच बाकावर बसले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टर आले आणि ते मिटलं. त्याला आज सोळा दिवस झाले.

ते सोळा दिवस सून त्या फरशीपुढे गुडघे टेकत होती. साबणाचा अंशही राहू नये म्हणून रोज ब्रशने घासायची, सांध्यांतून जुना टूथब्रश फिरवायची, वर कोरडं फडकं मारायची. जितकं घासावं तितकी फरशी चमकायची. तिचं हसणं-बोलणं आटलं होतं. नणंद फोनवर ‘निदान आता तरी काळजी घे’ म्हणाली की ती ‘हो ताई’ म्हणायची. मास्तर हे सगळं शेजारून ऐकायचे. तरी हा बाबा गप्प.

बायको पडल्यावर फरशीवर रबरी चटई टाकली होती, म्हणून एवढे दिवस निभावलं. सकाळी मुलाचा फोन आला की आईला घेऊन चारपर्यंत पोचतो, आणि डॉक्टरांनी चटई काढायला सांगितलीय, वॉकरचे पाय तिच्यात अडकतात. बायको पुन्हा पडली तर पुन्हा उभी राहणार नाही, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

जेवण झाल्याझाल्या त्यांनी सुनेला औषधं आणायला पाठवलं, तेही लांबच्या दुकानात. खिडकी सताड उघडली, माळ्यावरून थिनरचा डबा काढला, भिजवलेली फडकी फरशीवर पसरली आणि खरवडायला पुट्टीची पत्र्याची पट्टी घेऊन खाली बसकण मारली. लॅकर सुटत होतं, पण टाइलच्या खरखरीत अंगात ते मुरलं होतं. चिकट साय निघायची, खाली पुन्हा चकाकी दिसायची. एवढं पक्कं काम कशाला केलंस, असं म्हणून मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताला शिवी घातली. अडीच वाजले तरी निम्मी फरशी बाकी होती.

तेवढ्यात दाराची किल्ली फिरली. लांबचं दुकान बंद निघालं, म्हणून सून कोपऱ्यावरच्या दुकानातून औषधं घेऊन लवकर आली होती. थिनरचा वास घरभर झाला होता. ती बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली आणि अर्ध्या चमकत्या, अर्ध्या मळकट फरशीकडे बघू लागली. मास्तरांना वाटलं, आता ती विचारणार, आणि सगळं बाहेर येणार.

“अजून साबणाचा थर होता का, बाबा?” ती म्हणाली. “मी रोज घासते, तरी राहिलाच?”

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून. किती सोपं होतं ते. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली.

माझ्यापायी तुम्हाला या वयात गुडघे टेकावे लागतात, असं म्हणत ती बाह्या सरसावून शेजारी बसली. मास्तर थिनर लावून खरवडायचे, ती मागून गरम पाण्याने धुवायची. पावणेचारला शेवटची टाइल मोकळी झाली. मास्तरांनी बादलीभर पाणी ओतलं, अनवाणी पाय ठेवला, सगळा भार टाकून पाहिला. पाय जागचा हलला नाही. बायको वाचली होती. पुरावाही पाण्याबरोबर वाहून गेला होता, आणि आता कुणाला काही कळायचं कारण उरलं नव्हतं. मास्तरांना फार हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच त्यांना भीती वाटली.

बेल वाजली. मुलगा आईला धरून आत आला, मागून लेक. बायको वॉकरवर दोन पावलं चालून दम खायला थांबली. लेकीने पिशव्या खाली ठेवल्या आणि आधी भावजयीकडे वळली.

“आईच्या आंघोळीचं मी बघेन. वहिनी, तू बाथरूममध्ये हात घालू नकोस. एकदा झालं तेवढं पुरे.”

सून खाली बघून म्हणाली, “हो ताई.”

ते ‘हो ताई’ मात्र मास्तरांना सहन झालं नाही.

“साबण नव्हता,” ते म्हणाले. “फरशीवर मी लॅकर मारलं होतं, चमक यावी म्हणून. तुझी आई माझ्यामुळे पडली. आणि मी सोळा दिवस गप्प बसलो.”

बायकोने वॉकर घट्ट धरून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग नजर काढून सुनेकडे वळवली. मास्तरही सुनेकडेच बघत होते. तिने रडावं, चार शब्द सुनवावेत, घर डोक्यावर घ्यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण ती नुसती गोंधळून उभी होती.

“असं कसं, बाबा?” ती म्हणाली. “मला तर तो साबण आठवतो. दाराजवळच्या टाइलवर पडला होता. निळा होता.”

त्या दिवशी ती नुसतं ‘राहिला असेल’ म्हणाली होती. घरात साबण तीच आणायची, आणि निळा तिने कधीच आणला नव्हता.