ललितचा दात

“भाषा आईच्या दुधातून येते!” असं गर्जून ललितने वरणाची वाटी भिंतीवर फेकली. त्याची आईवेगळी मुलगी सृष्टी डब्याच्या दुधावर वाढली होती. तिला भाषा भरवणाऱ्या हातातून आली होती, आणि तो हात चिमणाबाईचा होता.

चिमणाबाई ललितची लांबची मावशी. मुलीला सांभाळायला त्यानेच तिला सटाण्याकडून नाशिकच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. घास भरवायचा तर गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्ट तिला अहिराणीतच सुचते, एवढीच अडचण होती. उद्या सृष्टीची शाळाप्रवेशाची मुलाखत, आणि आत्ताच सृष्टीने ताट पुढे केलं होतं, “माले आखो भात जोयजे.”

“‘मला आणखी भात हवा’ म्हण!” ललितने तिचा जबडा धरला. “आणि मावशी, तुम्ही सकाळच्या एसटीने परत जा.”

मावशीला अहोजाहो करायलाही तो शहरातच शिकला होता.

गावात चिमणाबाईचं घर होतं. त्या घरात भात मागणारं कोणी नव्हतं.

“म्हण!”

“माले...”

चपराक अशी बसली की पोर खुर्चीसकट आडवी झाली. चिमणाबाईच्या हातात डाव होता. तो तिने वरणासकट ललितच्या थोबाडावर हाणला.

पुढचा दात उडून टेबलाखाली गेला. तो बसवलेलाच होता. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतो म्हणून वसतिगृहातल्या पोरांनी टॉवेलात साबणाची वडी बांधून ललितला बडवलं, तेव्हा ‘शे’बरोबर खरा दातही निघाला होता.

त्याने मावशीला भिंतीवर आदळलं. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. तिचा गळा आवळत, रक्त थुंकत तो किंचाळला, “तुना मुडदा पाडसू! मनी पोर शे ती! मनी!”

खाली पडलेल्या सृष्टीचं रडणं एकदम थांबलं.

“आजी, पप्पाले बी बोलता येस!”

ललितचे हात सुटले. त्याने मुलीच्या गालावर उमटलेली बोटं पाहिली आणि तो मटकन खाली बसला. दात समोरच होता, पण तो उचलायचं त्याला सुचेना.

चिमणाबाईने मनगटाला पदर गुंडाळला.

“पहिले पोरले भात वाढ,” ती म्हणाली. “मंग मी मनी पिशवी भरसू.”

“मावशी, तू...” त्याला पुढचं कुठल्याच भाषेत जमलं नाही. उठून त्याने भात वाढला.

सृष्टीने ताटात निरखून पाहिलं.

“पप्पा, वर तूप टाक ना.”