एक खुर्ची कमी

मंत्रिमंडळाच्या बैठकीत खुर्च्या मांडणारा शिपाई मी. त्या दिवशी पंतप्रधान मला म्हणाले, "नावाच्या पाट्या उचल आणि एक खुर्ची कमी ठेव. आज एकाला घरी पाठवायचंय."

मंत्री आले, त्यांनी खुर्च्या मोजल्या आणि सगळ्यांची तोंडं उतरली. मग अशी झुंबड उडाली की शाळेतल्या पोरांनाही लाज वाटावी. अर्थमंत्र्यांनी तर मंत्रिमंडळातल्याच सख्ख्या मेव्हण्याला कोपराने ढकललं. म्हाताऱ्या शिक्षणमंत्र्यांना खुर्ची मिळाली होती. पंतप्रधानांना बोट धरून राजकारणात आणलं ते यांनीच. पण आरोग्यमंत्री बाई दुखरा गुडघा धरून उभ्याच राहिलेल्या पाहून ते उठले. "ताई, तुम्ही बसा."

ताई बसल्या आणि त्यांनी फाइलीत डोकं घातलं. पंतप्रधानांनी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला दाराकडे बोट दाखवलं.

"माझं काय चुकलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमचं काहीच नाही. मी कुणाचंच नाव ठरवलं नव्हतं," पंतप्रधान म्हणाले आणि सचिवांकडे वळले. "शिक्षणमंत्र्यांना वगळलं. मंत्रिमंडळाचा निर्णय, एकमताने, असं लिहा."

आधी एकाने टेबल वाजवलं, मग सगळ्यांनी. ताईंनी दोन्ही हातांनी.