गवतावर जळणारा विळा

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला गवत अजिबात आवडत नाही. विळ्याला गवत आवडत नाही म्हटल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा. माझी सगळी हकीगत ऐका आणि मग ठरवा.

इगाच्या डोंगरात एका लोहाराने मला घडवले. भट्टीत तापवले, ऐरणीवर बडवले, पाण्यात बुडवले, आणि दांड्याच्या टोकाला एक लोखंडी कडी बसवली. मला विकत घ्यायला आलेल्या ओसेन नावाच्या बाईने विचारले, "ही कडी कशाला हो?"

लोहार डोळे मिचकावत म्हणाला, "वहिनी, ह्यात साखळी अडकवली की विळ्याचं हत्यार होतं. साखळी काढली की पुन्हा बिचारा विळा. विचारलं कोणी तर तुम्ही आपल्या शेतकरी!"

हत्यार! मी असा फुगलो की विचारू नका. मला वाटले, आता माझे नाव डोंगराडोंगरात गाजणार.

कसले काय! ओसेनने मला घरी नेले आणि खुंटीला टांगले. साखळी दुसऱ्या खुंटीला. त्या गावची माणसे लपूनछपून लढणारी होती हे खरे, पण त्यांचा सगळा जीव झाडापाल्यावर. वाळलेले शिंगाडे घ्या. टणक, काटेरी. पाठलाग होऊ लागला की ते मागे वाटेवर फेकायचे, म्हणजे गवती चपला घातलेले शिपाई एका पायावर नाचायचे. आणि भूक लागली तर फोडून खायचे. "काय गुणी फळ!" म्हणत सगळे त्यांचे कौतुक करायचे. माझ्याकडे बघून कधी कोणाच्या तोंडाला पाणी सुटले नाही.

दारातला ताग तर माझा पक्का वैरी. त्याची रोपे लावायची आणि रोज सकाळी त्यांच्यावरून उडी मारायची. ताग रोज वाढतो, उडीही रोज वाढते. ओसेनचा नवरा गेनबेई असाच उड्या मारून मारून कुंपणाएवढा उडायला लागला होता. पुढे त्याच तागाचे दोर वळायचे आणि भिंती चढायच्या. सगळे म्हणायचे, "ताग होता म्हणून!" अरे, तो ताग कापला कोणी?

पण खरी आग लागायची ती गवताचे नाव निघाले की. शत्रूच्या मुलखात जाऊन वर्षानुवर्षे तिथलाच होऊन राहणाऱ्या माणसाला आमच्याकडे 'गवत' म्हणत. सगळीकडे असते, कोणाला दिसत नाही, म्हणून गवत. गेनबेई गवत होता. लोक किती मानाने सांगायचे, "आमचा गेनबेई गवत आहे हो!" माणसाला विळा म्हणावे असे मात्र एकालाही सुचले नाही.

तो खिंडीपलीकडच्या किल्ल्याच्या गावात गेला, तेव्हा गावातले म्हातारे त्याला म्हणाले, "गवत रुजलं नाही तर उपटलं जातं. रुजायला लागेल ते कर." ओसेन दारात उभी होती. तिने ते ऐकले.

तो गेल्यावर ती रोज मला कमरेला खोचून खिंडीत गवत कापायला जाई. मालक परत आला की वाटेच्या कडेला गवताची एक गाठ मारून ठेवणार, असे ठरले होते. म्हणजे बघा, निरोप सांगायचा मानही गवतालाच!

तीन पावसाळे गेले. गवताला पांढरे तुरे आले होते. एका सकाळी ती गाठ दिसली, आणि झुडपातून गेनबेई खुरडत बाहेर आला. घोटा सुजून टम्म झाला होता.

"बर्फ पडायच्या आत त्यांचं सैन्य ह्याच खिंडीतून येणार आहे," तो धापा टाकत म्हणाला. "गावात जाऊन सांगायला हवं. पण शिपाई माझ्या मागावर आहेत. कुत्राही आहे."

आता माझी पाळी, असे मला वाटले. पण साखळी घरी, खुंटीवर! ओसेनने आधी नवऱ्याला कापराच्या मोठ्या झाडावर चढवले. पाने चुरगाळून ती त्याला अंगाला चोळायला लावली, म्हणजे माणसाचा वास लपेल. मग ती पलीकडच्या फाट्यावर धावली, वाटेवर आडव्या गवताच्या गाठी मारल्या, त्यांच्यापुढे गेनबेईच्या बटव्यातले शिंगाडे पसरले, आणि परत येऊन त्याच झाडाखाली गवत कापत बसली.

शिपाई आले. काही जण फाट्यावर गेले, दोघे तिच्यापाशी थांबले. कुत्र्याने कापराच्या झाडाचा वास घेतला आणि लागला शिंका द्यायला.

तरुण शिपायाची नजर माझ्यावर पडली. "ए बाई, विळ्याला कडी कशाला? इगाच्या विळ्यांना साखळ्या असतात म्हणे."

"टांगायला हो दादा," ओसेन म्हणाली. "तुमच्याकडे काय विळे उशाशी घेऊन झोपतात?"

त्याने मला हिसकावून पात्यावर अंगठा फिरवला. माझा ऊर भरून आला. शेवटी कोणीतरी मला ओळखले! तेवढ्यात दुसरा, वयस्कर शिपाई म्हणाला, "दे रे तिला. गवताच्या चिकानं कसा बरबटलाय बघ. हत्यार कोणी असं ठेवतं का?"

मित्रांनो, आयुष्यात एकदाच मला हत्यार म्हणून पकडले, आणि तिथेही गवताने मला खोटे पाडले.

मी ओसेनच्या हातात परत आलो. वयस्कर शिपाई मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ बाई, आम्ही शोधतोय त्याचं तिकडे घर आहे. ओफुजी म्हणून बायको आहे, पदरात तान्ही पोर आहे. आम्ही रिकाम्या हातानं परतलो की सरदार त्या दोघींना मारणार. तुला काही दिसलं असेल तर सांग. त्या बिचाऱ्या तरी वाचतील."

ओसेनची बोटे माझ्या मुठीवर अशी आवळली, की लाकूड करकरले. ही पकड मला बरोबर कळते. जळण्यात माझा हात कोण धरणार? तिने नुसती मान वर केली असती, तरी सगळे संपले असते.

तिने मान वर केली नाही. "मला कोणी दिसलं नाही," ती म्हणाली, आणि मला इतक्या जोरात चालवले की गवताबरोबर मातीही निघाली.

तेवढ्यात फाट्यावर धपकन आवाज झाला आणि मागोमाग "मेलो, मेलो!" असा ओरडा. कोणीतरी गाठीत अडकून शिंगाड्यांवर पडला होता. "तिकडे गेलाय!" म्हणत हे दोघेही पळाले.

गेनबेई खाली उतरला.

"पोरीचं नाव काय?" ओसेनने विचारले.

"अजून ठेवलं नाही."

"त्यांचे शिपाई संध्याकाळपर्यंत डोंगर धुंडाळतील. तुम्ही लंगडत का होईना, गावात जा आणि सांगा. मी खाली जाते."

"तू? ओसेन, तुला राग नाही आला?"

"आला ना. इतका आलाय की हा विळा माझ्या हातात आहे तोवर माझ्यासमोर उभे राहू नका. पण त्या पोरीनं माझं काय वाकडं केलंय? निघा!"

तिने गवताचा मोठा भारा बांधला, पाठीवर घेतला, आणि मधल्या वाटेने उतरली. गवत विकणाऱ्या बाईला किल्ल्याच्या गावात कोण अडवणार? ओफुजीचे दार तिने विचारत विचारत शोधले.

"मी गेनबेईची बायको," ओसेन म्हणाली.

ओफुजी पांढरीफटक पडली. "मग मी कोण?"

"तूही तीच. भांडण घरी जाऊन निवांत करू. आधी पोर आण."

भारा सोडला, मधोमध गवताचे घरटे केले, त्यात पोरीला निजवले. मी भाऱ्यातच खोचलेला होतो, म्हणजे मला तिच्याजवळच राहता आले असते. पण ओफुजी ओरडली, "अहो ताई, तो विळा आधी बाजूला घ्या! लागेल ना पोरीला!" झाले. मी पुन्हा कमरेला.

वेशीवर पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "गवत आत नेतात. तू बाहेर कुठं चाललीस?"

"घेत नाहीत हो कोणी. घोडेवाले म्हणतात, ओलं आहे."

भाऱ्यात बारीकसा उसासा झाला. ओफुजीने जोरात खोकून घेतले. ओसेनचा हात माझ्या मुठीवर आला आणि माझे पाते शहारले.

पहारेकरी हसला. "कसं घेतील? डोंगरातलं गवत आमच्या गावात रुजत नाही बाई. घेऊन जा तुझं तुला!"

त्या हाताने मला बाहेर काढलेच नाही. दोघी डोंगर चढून घरी आल्या. सैन्य आले तेव्हा गाव रिकामे होते; गेनबेईने वेळेत सांगितल्यामुळे माणसे कधीच रानात पांगली होती.

पुढे त्या दोघी एकाच घरात राहिल्या आणि जन्मभर एकमेकींवर जळत राहिल्या. हिचा भात मऊ झाला की तिचे तोंड वाकडे. मला फार बरे वाटायचे, घरात कोणीतरी आपले आहे म्हणून. भांडण अगदी टोकाला गेले की मधे ती पोर यायची, आणि दोघी गप्प बसायच्या.

पोरीचे नाव मात्र ओसेननेच ठेवले. कुसा. आमच्याकडे कुसा म्हणजे गवत.

आता मला गंज चढला आहे, दांडा सैल झाला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादा विळा असेल तर त्याला अधूनमधून तेल लावा, ओला ठेवू नका, धार लावून द्या. आणि त्या पोरीची गोष्ट सांगताना कोणी म्हणाले, "गवताच्या भाऱ्यानं वाचवली हो तिला," तर तुम्ही मान डोलवू नका. एवढेच विचारा, तो भारा कापला कोणी?