चौदा आणि चौदा

आमच्या धंद्यात एक घाणेरडी रीत आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. घरच्या माणसाला खुर्चीत बसवून तपासायचं नाही. परक्याला आम्ही अर्धा तास देतो. त्याची हनुवटी मशीनवर टेकवतो, डोळ्यातला दाब मोजतो, अंधार करून आतला पडदा आणि नस बघतो, घरात कुणाला काचबिंदू आहे का विचारतो. बायको, भाऊ, बहीण आली की मात्र काउंटरपाशी उभ्या उभ्या, दोन पेशंटच्या मधल्या फटीत उरकायचं. वाच खालची ओळ. दिसतंय ना? झालं तर मग. घरचंच माणूस, कधीही बघता येईल. असं म्हणत म्हणत वर्षं जातात.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. लोक चष्म्याचे डॉक्टर म्हणतात आणि मी त्यांना कधी दुरुस्त करत नाही, ऐकायला बरं वाटतं. बावीस वर्षं एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतोय. नंबर काढणं हे अर्धंच काम. डोळ्यात चोरपावलांनी शिरलेला आजार वेळेत पकडायचा आणि मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं, हे खरं काम. मोतीबिंदू, काचबिंदू, साखरेमुळे पडद्यावर आलेले रक्ताचे ठिपके, असे शेकडो मी पकडलेत. लोक येऊन हात जोडतात. मी मान डोलावतो, जसं काही मोठेपण नको आहे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यावर तिनं त्यांची शाळेची व्हॅन स्वतःच्या हातात घेतली. सतरा मुलं ने-आण करते. त्या परवान्यासाठी तिला दरवर्षी डोळ्यांचा दाखला लागतो आणि तो मी देतो. ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायची, चावी बोटात फिरवत. मी तक्त्याकडे हात करायचो. सगळ्यात खालची बारीक ओळ तिला पाठ झाली होती, "उलटी म्हणून दाखवू का रे छोट्या?" म्हणून हसायची. पाठ नसती तरी तिनं ती वाचलीच असती, कारण काचबिंदू समोरची नजर सगळ्यात शेवटी खातो. आधी कडा कुरतडतो. हे मला माहीत होतं. म्हणजे पाठ होतं, तिला ओळ पाठ होती तसं.

मग कार्ड भरायचं. मालक महिन्याच्या शेवटी कार्डं चाळतो, रिकामी चौकट त्याला चालत नाही. दाबाच्या चौकटीत मी लिहायचो, उजवा चौदा, डावा चौदा. चौदा असा आकडा आहे की त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. पाच वर्षं लिहिला. खाली आणखी एक चौकट असते, घरात कुणाला काचबिंदू. तिथं लिहायचो, नाही.

आमचे वडील शेवटची चार वर्षं भिंत चाचपत चालायचे. ताट समोर ठेवलं तरी भाजी कुठल्या बाजूला आहे ते सांगावं लागायचं. तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, काचबिंदूचं अख्खं पुस्तक माझ्या उशाशी पडलेलं. आणि मी घरात सांगितलं होतं, वय झालंय त्यांचं.

यंदा मला कावीळ झाली. तीन आठवडे घरी पडलो आणि माझ्या जागी बदली मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कुणाशी फार न बोलणाऱ्या. नेमकी तेव्हाच ताईच्या परवान्याची तारीख आली. ती जाऊन आली आणि मला फोन केला. तुझी ती बाई फारच चिकट आहे म्हणाली, पाऊण तास सोडलं नाही. एक मशीन डोळ्यात फुंकर मारतं, मी खुर्चीवरून उडालेच. मग म्हणाली, "तू कधी फुंकर मारली नाहीस रे मला?"

मी म्हणालो, नवीन मशीन आहे ताई. मशीन सहा वर्षांचं होतं.

तासाभराने मॅडमचा फोन आला. उजव्या डोळ्याचा दाब एकोणतीस, डाव्याचा तेहतीस. एकवीसच्या वर गेला की आम्ही कान टवकारतो. डोळ्याची नस मेंदूकडे निघते तिथला खळगा डाव्या डोळ्यात पार काठापर्यंत पोचलेला. मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिलीय, नियमाप्रमाणे जुन्या नोंदीही लिहिल्यात. मग त्यांनी विचारलं.

"तुमच्या नोंदीत पाचही वर्षं चौदा आहे. मशीन बिघडलं होतं का?"

बाईनं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. मी त्या दारातून मान खाली घालून निघून गेलो. हो, जरा गडबड करत होतं, म्हणालो. मग त्या काळातले सगळेच पेशंट परत बोलवायला लागतील, त्या म्हणाल्या. बघतो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला पहिली काळजी ताईच्या डोळ्यांची वाटली नाही. चिठ्ठीत ते आकडे गेले, ही वाटली. हे लिहिताना हात आखडतोय, पण तसंच आहे.

चार दिवसांनी मी ताईबरोबर दवाखान्यात गेलो. अशक्तपणा होता तरी गेलो, कारण मोठे डॉक्टर काय विचारतील ते मला ऐकायचं होतं. ताई वाटेत मलाच समजावत होती. आपला भाऊ या धंद्यात आहे म्हणून वेळेवर सापडलं, असं रिसेप्शनवरच्या मुलीलाही सांगून झालं तिचं. त्या मुलीनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी भिंतीवरचं मोतीबिंदूचं चित्र वाचत उभा राहिलो.

बाजूचं किती दिसतं ती तपासणी आधी झाली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं, कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराबाहेर होतो. बटणाचा टक टक आवाज येत होता. डावा डोळा सुरू झाला आणि मधे इतका वेळ आवाज येईना की मला वाटलं, तिला झोप लागली.

डॉक्टरांनी कागद बघितला, चिठ्ठी बघितली, परत कागद बघितला. डोळ्याला मार लागला होता का, विचारलं. नाही. दम्याच्या, सांधेदुखीच्या गोळ्या? नाही. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की हे जुळत नाही. गेल्या वर्षापर्यंत दाब चौदा, आणि नस तर कित्येक वर्षांची वाळलेली. दाबानं वाळली नसेल तर दुसरं काहीतरी तिला दाबत असणार. त्यांनी छापील फॉर्म ओढला. मेंदूचा स्कॅन करून घेऊ, आत गाठ वगैरे नाही ना, एवढं बघायचंय.

ताईनं माझी बाही पकडली. तिनं डॉक्टरांकडे बघितलंच नाही. तिचा डॉक्टर मी.

"छोट्या, मेंदूत काय झालं असेल रे?"

खरं सांगतो, तेव्हासुद्धा मशीनचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सोपं होतं, डॉक्टरांनीही मान हलवली असती. पण तिनं बाही सोडली नव्हती.

"दाब मोजला नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे मशीन..." डॉक्टर म्हणाले.

"मशीन ठीक होतं. मी मोजलाच नाही. नुसता आकडा लिहिला. पाचही वेळा." मग न विचारता वडिलांचंही सांगितलं. एकदा ओकारी सुरू झाली की मधेच थांबत नाही.

 डॉक्टरांनी चिठ्ठीवरच्या पाच ओळींवर पाच रेघा मारल्या आणि फॉर्म फाडून टोपलीत टाकला. त्यानंतर ते फक्त ताईशी बोलले, जणू मी त्या खोलीत नव्हतोच. गाठीची भीती नाही, काचबिंदूच आहे, जुना. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवता येते, पण थेंब रोज घालायचे, जन्मभर, एकही दिवस न चुकता. डाव्या बाजूचा, खालचा मोठा भाग तुम्हाला दिसत नाही. तिथं काळं दिसत नाही म्हणून कळत नाही, मेंदू आजूबाजूचं घेऊन ठिगळ लावतो. गाडी आजपासून बंद.

बाहेर बाकावर बसलो. ताईनं थेंबांची बाटली पर्समध्ये नीट ठेवली, चेन लावली, परत उघडून बघितली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तिनं हातानंच थांबवलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट तिनं मला तिथं पहिल्यांदा सांगितली. एक पहिलीतली मुलगी व्हॅनच्या पायरीवर होती, डावीकडच्या दारात. एक पाय खाली, एक वर. ताईला ती दिसली नाही आणि तिनं गाडी हलवली. मुलगी पडली, गुडघा फुटला, तीन टाके. तिच्या आईनं भररस्त्यात ताईला काय काय ऐकवलं. ताई त्या घरी दोनदा जाऊन माफी मागून आली. झोप उडाली होती तिची. आपलं लक्ष राहिलेलं नाही, आपण म्हातारे झालो, मुलांच्या जिवाशी खेळतोय, असं रोज स्वतःला बोलत होती.

"मला वाटलं, माझंच चुकलं," ताई म्हणाली. "मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं रे आरशासमोर. आणि तू चौदा लिहीत होतास."

मी म्हणालो, ताई, दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत मी रजा टाकून व्हॅन चालवतो. घरात सगळ्यांची तपासणी करतो. बायकोची, मुलांची. घरच्या नऊ कार्डांवर चौदाच आहे, सगळी नव्यानं भरतो. मॅडमना फोन करतो, मशीन ठीक होतं म्हणून सांगतो. मालकालाही सांगतो, काय व्हायचं ते होऊ दे.

"ते सगळं करशील. नाही केलंस तर मी करवून घेईन," ती म्हणाली. "आत्ता हे कर."

तिनं पर्समधून छोटी वही काढली. पालकांचे नंबर. उद्यापासून व्हॅन येणार नाही, ते सतरा घरी कळवायचं होतं. मी म्हणालो, मेसेज टाकतो एकदम सगळ्यांना, तब्येतीचं कारण देतो.

"मेसेज नाही. फोन. आणि कारण माझ्या तब्येतीचं नाही, तुझं सांगायचं. माझ्यासमोर सांगायचं." तिनं पान उलटून एका नावावर बोट ठेवलं. "टाक्यांवालीच्या आईपासून सुरू कर."

मी नंबर लावला. समोरून बाईंचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. मी व्हॅनवाल्या ताईंचा भाऊ बोलतोय म्हणालो. काय पाहिजे, त्यांनी तुटकपणे विचारलं. मी सांगितलं. मी डोळे तपासतो, ताईंचे तपासायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही आणि केलं म्हणून खोटं लिहिलं. त्यांना तुमची मुलगी दिसूच शकत नव्हती. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

बाईंनी गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग बाईंनी विचारलं, "किती दिवस चाललं होतं हे?"

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पाच वर्षं," मी म्हणालो.

बाईंनी फोन कापला. समोरच्या बाकावर डोळ्याला पट्टी लावलेला एक माणूस बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं आणि तो दुसरीकडे बघायला लागला. ताईनं वहीतलं बोट एक ओळ खाली सरकवलं.