सहभागी क्रमांक तीन

"ए वेंडल, हा तूच की रे!" डेलमार भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला. "पीनट बटर आणि लोणच्यातली काकडी! असलं सँडविच या गावात दुसरं कोण गिळतं?"

डेलमार म्हणजे काचेच्या कारखान्यात माझ्या डॅडीबरोबर, या वेंडलबरोबर, सव्वीस वर्षं भट्टीपुढे भाजलेला माणूस. कॉलेजातल्या आमच्या प्रदर्शनाला आला होता फुकटच्या कॉफीसाठी. पुढची ओळ वाचली आणि त्याचं हसू गेलं.

ओळ माझी होती. 'कारखाना बंद पडल्यावर सहभागी क्रमांक तीन पाच महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत असे. नदीकाठी ट्रकमध्ये बसून तो खाई. साठवलेले पैसे पगार म्हणून पत्नीच्या हाती देई. कधीकधी रडे.'

"तू तर गोदामात लागला होतास ना?" डेलमार हळूच म्हणाला.

 डॅडीच्या शेजारी आई उभी होती.

मी एकोणचाळीस वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून समाजशास्त्र शिकत होते. बेकारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. बेकार मिळायला मला लांब कशाला जायला हवं होतं? संमतीपत्र डॅडीपुढे सरकवलं. म्हटलं, "नाव येत नाही, डॅडी. नियमच आहे तसा."

"मग लिही. तुझ्या आईला कळलं नाही म्हणजे झालं."

नाव मी गाळलं. वय बदललं. सँडविच तेवढं ठेवलं, कारण कॉलेजातल्या बाईंनी समासात लिहिलं होतं, 'सुंदर तपशील.' सुंदर! माणसाची लाज भिंतीला टाचण्या मारून टांगायची आणि खाली संदर्भसूची लावायची, हे आमचं शास्त्र. बाईंना नावं ठेवून मी सुटत नाही. मलाही ते सुंदरच वाटलं होतं. प्रदर्शनाला दोघांना आग्रहानं बोलावलं तेही मीच.

आईनं चष्मा लावून तक्ता शेवटपर्यंत वाचला.

"रोज पहाटे साडेचारला उठून करायचे मी ते सँडविच," ती म्हणाली. कुणाकडेही न बघता.

घरी परतताना ट्रकमध्ये तिघं दाटीवाटीनं बसलो होतो. डॅडीनं विचारलं, "मार्क किती पडले?"

"पहिली आले."

"बरं झालं. तो क्रमांक तीन कामी आला म्हणायचा."

मी हसले नाही. त्यालाही ते अपेक्षित नव्हतं.

आता तो शाळेत फरशा पुसतो. सकाळी आई उठायच्या आत स्वतःच ब्रेड कापतो. काकडी घालत नाही. मी रविवारी जेवायला जाते, तेव्हा तो हवेबद्दल बोलतो, ट्रकच्या टायरबद्दल बोलतो. परवा वाणसामानाची यादी करायला मी पर्समधून पेन काढलं, तर तो वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प झाला.

मी पेन परत आत ठेवलं. तरी पुढचं वाक्य आलं नाही.