मल्हारच्या मापाची बाज

मी एक जुनी बाज आहे मित्रांनो, आणि एक नंबरची जळकुकडी आहे. आधीच सांगितलेलं बरं.

पूर्णा जंक्शनजवळच्या एका खेड्यात दत्तराव आणि कासाबाई हे जोडपं मेंढरं राखतं. त्यांच्या अंगणातल्या पत्र्याखाली माझा मुक्काम. त्यांचा एकुलता एक मुलगा मल्हार. नववीत तो असा काही वाढला, की घरातल्या बाजेवरून त्याच्या पोटऱ्या खाली लोंबायला लागल्या. शेवटी कासाबाईनं सुग्रीव सुताराला बोलावलं. त्यानं मल्हारला जमिनीवर आडवं करून दोरीनं माप घेतलं, वर वीतभर जास्तीचं धरलं आणि बाभळीच्या लाकडातून मला घडवलं. कासाबाईनं केकताडाची, म्हणजे घायपाताच्या वाखाची, दोरी वळून मला विणलं. एवढी लांब बाज गावानं पाहिली नव्हती. "ही बाज हाय का बैलगाडी?" म्हणून लोक हसायचे. मी आपली तोऱ्यात. माझ्यावर निजणारा एकच, आणि मी त्याच्याच मापाची!

मग तो चेंडू आला. मल्हार पूर्णेला रेल्वेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायला लागला आणि तो तपकिरी चेंडू माझ्यावर, मल्हारच्या कुशीत निजायला लागला. मेल्याला दुसरी जागाच नव्हती! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण चेंडू परवडला म्हणायची वेळ आली. बारावीनंतर पुण्याच्या 'डेक्कन चित्ते' या व्यावसायिक संघानं मल्हारला उचललं, आणि तिथल्या वसतिगृहातल्या कुठल्याशा गादीच्या पलंगानं माझा मल्हार पळवला. तो पलंग मी पाहिलेला नाही. पण त्याचं नाव निघालं की माझ्या दोऱ्या करकरतात.

यंदाचा हंगाम जवळ आला, तशी रोज संध्याकाळी गडीमाणसं माझ्यावर बसून संघाचा हिशोब मांडायला लागली. मला सगळं पाठ झालं. मागच्या वर्षी चित्ते तळाला होते. यंदा त्यांनी केरळचे दोन चपळ भाऊ आणले, लांबून नेम मारणारा मुंबईचा एक पोरगा आणला, हरियाणाचा एक दांडगा गडी आणला. या चौघांच्या जागा पक्क्या. पाचवी जागा बास्केटखाली उभं राहून उडी घेणाऱ्याची. तिथं एक तर कप्तान चंद्रभान, वय झालेला, गुडघ्यानं अधू. नाही तर आमचा मल्हार.

"चौघं बरे हायेत," दत्तराव म्हणायचे. "पर कळपाम्होरं चालाया एडका लागतोय. मल्हारला उतरवलं तर हे पोरं लय लांब जातेत बगा."

सगळे माना डोलवायचे. मी एकटी मनात म्हणायची, देवा, त्या चंद्रभानचा गुडघा सांभाळ! मल्हारला जागा मिळाली नाही, तर येईल की माघारी माझ्याकडं.

आणि झालंही तसंच. पहिल्या पाचात चंद्रभान. मल्हार राखीव, बाकावर. यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी तो पिशवी घेऊन घरी आला, धाडदिशी माझ्यावर पडला. काय सांगू मित्रांनो, मला आभाळ ठेंगणं झालं!

"मी न्हाई जात आता," तो म्हणाला. "बाकावर बसून काय करू? मेंढरं राखतो."

कासाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "त्या गड्याचा गुडघा दुखला तर त्याच्या जागी कोन जातंय?"

"मीच. पर दुखला तर."

"आन तवा तू कुटं असशील? हितं लोळत?"

मल्हारनं कूस बदलली. रविवारपर्यंत आला नाहीस तर नाव काढतो, असा प्रशिक्षकाचा निरोप आला होता. फोन वाजायचा, तो उचलायचा नाही. मी एकेक दिवस ढकलत होते. रविवार टळला की मल्हार माझा!

शनिवारी सकाळी तो मेंढरं घेऊन नदीकडं गेला आणि कासाबाईनं सुग्रीवला हाक मारली. तो आला, करवत घेऊन.

"हिला कमी कर," ती म्हणाली. "माज्या मापाची कर."

"वैनी, मंग पोरगं कुटं झोपंल?"

"तेच तर. हितं त्याची जागा हाय, म्हनून जायना झालंय."

माझी दोरी सुटली. बाभळीत करवत शिरली. तेव्हाही मी शिव्या घातल्या त्या पुण्याच्या पलंगालाच!

मल्हार आला तोवर कासाबाई मला पुन्हा विणत होती.

"माय, काय करायलीस हे?"

तिनं वर पाहिलं नाही. "मला माज्या मापाची पायजे होती. तुजी जागा तिकडं हाय." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हात काही थांबत नव्हते. मल्हार खाली बसला आणि दोरीचं दुसरं टोक त्यानं ओढून धरलं. दोघांनी मिळून मला ताठ विणलं. रविवारच्या गाडीनं तो गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी बाज असेल तर तिची ढिली दोरी ओढून घ्या, अधूनमधून तिला ऊन दाखवा. आमच्या अंगावर माणूस निजलं की आम्हाला त्याला उठूच देऊ नये असं वाटतं, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता माझ्यावर कासाबाई बसते, सामना असला की मोबाइल धरून. मल्हार बाकावर दिसतो. एखाद दिवशी चंद्रभान लंगडत बाहेर येतो, मल्हारचं नाव पुकारतात, आणि कासाबाई ताडकन उठते. मीही बघते. पलंगाचा राग केव्हाच गेला. आता मी जळते त्या बाकावर. तो मल्हारला बसवून घेतो आणि वेळ आली की उठू देतो. मला ते जमलं नाही. माझ्यासाठी करवत आणावी लागली.